गयाबाईचा कडू घास

हात दुसऱ्या कशाला लागतच नाहीत, म्हणून लिहायला बसलेय. सकाळी दूध उतू गेलं आणि मी शेगडीसमोर उभी राहून बघत राहिले, जसं काही शेजारणीचंच जातंय. सून धावत आली, "आई, गॅस!" म्हणाली, तेव्हा कुठं जागी झाले.

कांदा आलाय. तसं त्यात नवं काही नाही, दर वर्षी येतो. चाकणला उन्हाळ कांदा आला की आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना, आणि भाव कानावर पडतो तो सगळ्यात शेवटी. चैत्राचं ऊन तापलं की शुक्रवारी दुपारपासूनच मार्केट यार्डाकडं ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागते. त्याच रस्त्यानं कंपन्यांच्या बस जातात. डिझेलचा धूर आणि कांद्याचा उग्र दर्प एकमेकांत कालवून जो एक वास होतो ना, तो मला डोळे बांधून कुठंही नेऊन सोडलं तरी ओळखता येईल. आणि ती सालपटं! गुलाबी, बारीक, आरपार दिसणारी. दुपारचं वारं सुटलं की यार्डातून उठतात आणि अख्ख्या गावावर फिरत बसतात. घामाला चिकटतात, निऱ्यांत शिरतात, एटीएमच्या काचेवर बसतात, आणि नेमानं आमच्या बबनच्या चहाच्या पातेल्यात पडतात. बबनची टपरी बाजाराच्या तोंडाशीच आहे. तो सालपट चमच्यानं काढून टाकतो आणि म्हणतो, "मसाला चहा हाय मावशी, जादा पैसे न्हाई घेत." दर वर्षी हाच विनोद, आणि दर वर्षी आम्ही दोघी हसायचो. दोघी म्हणजे मी आणि गयाबाई.

ती कांद्याचे वाटे लावायची आणि मी शेजारी लसूण, आलं, मिरची, कोथिंबीर घेऊन बसायची. तिच्याकडं आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडं वळायचंच, माझ्याकडचं तिच्याकडं. कांदा घेतला आणि मिरची नाही घेतली असं घर आहे का कुठं? मी इथलीच, चाकणजवळच्या वाडीची. ती परभणीकडची. नवऱ्याला इकडं कंपनीत काम लागलं म्हणून आली, नवरा लवकर गेला, आणि ती दर शनिवारी कांदे मांडून बसायला लागली. तिचा दत्ता तेव्हा पोत्यावरच झोपायचा. पुढं तोच दत्ता गाडीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लागला, शिफ्टला जायला लागला, त्याचं लग्न झालं. हे सगळं मी पाहिलं ते शनिवारच्या शनिवारी.

शनिवारची मैत्री वेगळीच असते बघा. तिचा गुडघा कुठल्या पायाचा दुखतो हे मला ठाऊक. तिला स्वप्नात नेहमी पाणी दिसतं हेही ठाऊक. माझ्या घरात कोण कोणाशी बोलत नाही याची तिला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त खबर. पण तिचं घर मी पाहिलेलं नव्हतं, तिनं माझं नव्हतं. शनिवारी दिवस कलला की पोती झटकायची, "येते गं" म्हणायचं आणि दोन दिशांना चालू पडायचं. बाकीचे सहा दिवस ती कुठं असते, काय करते, हा प्रश्नच कधी पडला नाही. शनिवार यायचा तशी ती यायची.

आता आमच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आठवडे बाजारात कोणाच्या जागेवर पाटी नसते, पण जागा पक्क्या असतात. एखादी आली नाही तर शेजारीण तिच्या जागेवर पोतं टाकते, म्हणजे ही येणार आहे. लागोपाठ दोन शनिवार आली नाही, निरोपही नाही, की मग पोतं उचलायचं. जो आधी येईल त्याची जागा. पण एखादं माणूस गेलं, म्हणजे वारलंच, तर महिनाभर त्या जागेवर कोणी बसत नाही. एक नारळ ठेवतात, चार फुलं टाकतात. आणि मोकळ्या जागेला वळसा घालून लोक चालतात. इतकी खेचाखेच असते बाजारात, टीचभर जागेसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतील, पण नारळ ठेवलेल्या जागेला पाय लागत नाही. का ते मला विचारू नका. मी लग्न होऊन बाजारात बसायला लागले तेव्हापासून हे असंच आहे.

तर काही वर्षांपूर्वी, असाच कांदा आलेला असताना, गयाबाई एका शनिवारी आली नाही. मी पोतं टाकलं. पुढच्या शनिवारीही नाही. फोन लावला तर बंद. पलीकडं मोबाईलची कव्हरं विकणारा एक बाप्या होता, त्याचं लक्ष तिच्या जागेवर आधीपासूनच होतं, कारण जागा कोपऱ्याची. तो सारखा घसा खाकरायचा. म्हणायचा, "मावशी, पोतं किती दिवस ठेवणार?" मी म्हटलं, "तुझा घसा बरा होईस्तोवर."

तेवढ्यात दत्ता आला, मोटारसायकलवर नाही, चालत. आणि त्याचं डोकं बघून माझ्या हातातली लसणाची जुडी खाली पडली. डोकं गुळगुळीत भादरलेलं, मिशी नाही. डोळे लाल, तोंड सुकलेलं. मला हात जोडले, बबनच्या टपरीत गेला. आईचा तराजू आणि ताडपत्री तिथं ठेवलेली असायची, ती उचलली. सलमा बांगडीवाली समोरच बसते. ती उठली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हुंदकेच द्यायला लागली. दत्ता बावरला. बबननं चहा दिला, पैसे घेतले नाहीत. दत्तानं बबनला काहीतरी सांगितलं आणि तो बस धरायला निघून गेला.

विचारायचं कसं? ज्या पोराचं डोकं भादरलेलं आहे त्याला "काय झालं रे?" असं विचारतात का? आमच्यात नाही विचारत. डोकं पाहिलं की कळतं. त्यानं आपल्या तोंडानं सांगावं आणि परत रडावं, ही शिक्षा कशाला? आपण मान खाली घालायची. आम्ही सगळ्यांनी मान खाली घातली.

बबननं त्याच शनिवारी नारळ ठेवला. कव्हरवाला बाप्या आपली चादर हातभर मागं सरकवून बसला. मी त्या दिवशी काय विकलं, कसं विकलं, देव जाणे. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, मिरची मागितली, तुम्ही आलं दिलंत." मी म्हटलं, "असू दे, खा."

दत्तानं बबनला जाताजाता पत्ता सांगितला होता. पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेतलाय, या म्हणाला. दुखवट्याला बोलावणारच माणूस, आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. मी पहाटे उठून पिठलं केलं, बाजरीच्या भाकरी थापल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पेटली तरी तोंडात घास जात नाही, म्हणून आपण करून न्यायचं; त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. डबा फडक्यात बांधला. सलमाही निघाली. ती म्हणाली, "बाई, आमच्यातही नेतात जेवण. मी केळी घेते, केळी कोणालाही चालतात." बसमध्ये मी तिला बजावलं, "निघताना 'येते' म्हणू नको हां. अशा घरातून नुसतं उठून चालायचं असतं." ती म्हणाली, "मला काय शिकवतीस, माझ्या डोक्याचे केस काय बांगड्या विकून पांढरे झाले?"

भोसरीला बस बदलली, आणि पिंपळे सौदागरला उतरलो तर बाई, मी तोंडावर पदरच धरला. चाकणपासून असं कितीसं लांब? पण जत्रा म्हणावी अशी गर्दी आणि ओळखीचं एक तोंड नाही. एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती, मी कौतुकानं वाकून आत बघितलं, तर आत कुत्रं! त्यानं माझ्याकडं बघून जांभई दिली. सलमा म्हणाली, "तोबा!" आमच्या इथं रविवारी सकाळी माणसं मटणाच्या रांगेत असतात, तिथं ती हॉटेलाच्या रांगेत होती, नाव लिहून घेऊन बाहेर बसलेली. घरात चूल असताना माणसं नाष्ट्याला रांग लावतात, आणि आमच्या हातात हा डबा.

गेटवर वॉचमन. "किधर जाना है, माताजी?" मी फ्लॅट सांगितला. "क्या काम है?" मी म्हटलं, "मयतीला आलोय." तो सरळ उभा राहिला. टोपी काढली, फोन लावला. "मॅडम, गाँव से दो लेडीज आयी हैं. मैयत में." तिकडून काय बोललं गेलं ठाऊक नाही, पण तो परत परत म्हणत होता, "हाँ मॅडम, मैयत. आप के घर की." शेवटी त्यानं आम्हाला आत सोडलं आणि लिफ्टपर्यंत स्वतः आला, वर हात जोडले.

लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात दोन म्हाताऱ्या दिसल्या, एकीच्या हातात डबा, एकीच्या हातात केळी, आणि दोघींचे डोळे सुजलेले. नववा मजला. मी मनात म्हटलं, गये, एवढ्या उंचावरून तुला खाली कसं आणलं असेल गं?

बेल वाजवली आणि दार गयाबाईनं उघडलं.

मी खरं सांगते, मी ओरडले नाही. ओरडायला आवाज लागतो. सलमाच्या हातातून केळी सुटली. गयाबाई दारात उभी. तीच नाकातली मुरणी, आणि अंबाड्यात अडकलेलं कांद्याचं एक गुलाबी सालपट. मी त्या सालपटाकडंच बघत राहिले. मला वाटलं, मेलेल्या माणसाच्या केसात सालपट कसं?

"आगं माय!" ती म्हणाली. "आक्का, तू? सलमे? आणि अशा भुतं बघितल्यावानी कामून बघायलात?"

सलमाच्या तोंडून एवढंच निघालं, "तू... हायेस?"

"मग काय, जाऊ कुठं? हितून खाली उतराया बी ते बटन दाबता येत न्हाई मला."

मग मी तिला मारलं. हो, लपवत नाही. दंडावर चांगल्या चार चापट्या मारल्या आणि तिच्याच गळ्यात पडून रडले. आतून सून आली, भली पोरगी, हिंजवडीला नोकरी करते, ती हातात फोन धरून "कोण गेलं? कोण गेलं?" करत होती. मागून दत्ता डोळे चोळत आला, तिसरी शिफ्ट करून झोपलेला, ते गुळगुळीत डोकं घेऊन. मी त्याच्या डोक्याकडं बोट दाखवलं.

"हे?" तो म्हणाला. "बालाजीला दिले ना केस. नवस होता, फ्लॅटचा ताबा मिळाला की केस देईन. कंपनीतली पोरं मिळून गेलो होतो तिरुपतीला. काल पहाटंच उतरलो, झोप न्हाई काय न्हाई." मग तो थांबला. त्याच्या तोंडावर एकेक गोष्ट उजाडताना दिसत होती. "थांबा. म्हणून ती सलमामावशी माझ्या डोक्यावर हात ठेवून रडली? म्हणून बबननं पैसे घेतले न्हाईत? मला वाटलं, आई बाजार सोडती म्हणून सगळी..." तो मटकन सोफ्यावर बसला. "अख्ख्या बाजारानं माझ्या आईला मारलं, आणि मी तिथं उभा राहून चहा प्यालो!"

आता हसू येतं. तेव्हा कोणी हसलं नाही. पहिली हसली ती गयाबाई. डबा सोडला, आत बघितलं, आणि म्हणाली, "माझ्या मयताला पिठलं? श्रीखंड-पुरी सुचली न्हाई का तुला?" मांडी घातली, भाकरी मोडली आणि स्वतःचा कडू घास स्वतः खाल्ला. आम्ही बघत राहिलो. दुसऱ्या घासाला म्हणाली, "मीठ कमी झालंय, आक्का."

"रडताना केलंय ते."

"मग तर खारट व्हाया पायजे हुतं!"

पण मला खरा धक्का बसला तो यानंतर. हात धुवायला मी गॅलरीकडच्या नळावर गेले, तर गॅलरीत एक पोतं अंथरलेलं. त्यावर कांद्याचे वाटे लावलेले. बारीक एका बाजूला, मध्यम एका बाजूला, वर एकेक मोठा कांदा चढवलेला, अगदी ती बाजारात लावायची तसे. घरात खायला आणलेलेच कांदे. समोर नवव्या मजल्यावरचं आभाळ आणि लांबवर दुसऱ्या इमारती. गिऱ्हाईक म्हणून एक पारवा बसला होता कठड्यावर.

ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. "शनिवार चुकला की हात शिवशिवतात गं," हळू म्हणाली. "लावती आणि संध्याकाळी परत टोपलीत भरती."

कोणी छळत नव्हतं तिला, हे मला लिहायलाच हवं. पोरगा सून दोघंही मायेची. उन्हात बसू नका म्हणाली, खूप केलंत म्हणाली, नवा फोन दिला, नवा नंबर दिला, कोपऱ्यातली हवेशीर खोली दिली. तिला नाही म्हणता आलं नाही. इतक्या प्रेमानं कोणी पंख्याखाली बसवलं तर उठायचं कसं, सांगा?

मग तिनं विचारलं, "माझी जागा कुणी घेतली? त्या कव्हरवाल्यानं?"

"न्हाई. नारळ ठेवलाय बबननं."

"बबननं? त्या चिंगूस माणसानं आपल्या पैशानं नारळ आणला? आगं माय, मी आधीच मराया पायजे हुतं."

"तो कव्हरवाला तर हातभर लांब बसतोय भिऊन. महिनाभर कोणी फिरकायचं न्हाई तिकडं."

तिला रीत माहीत होती. मी आज चाकणला परत जाऊन सांगितलं की गयाबाई धडधाकट आहे, पिंपळे सौदागरला पंख्याखाली बसते, की पुढच्याच शनिवारी नारळ उचलला जाणार आणि जागा गेली. ती मेलेली होती म्हणून तिची जागा तिची होती, आणि जिवंत झाली की जाणार. असलं उफराटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आम्ही दोघी त्या वाट्यांकडं बघत उभ्या होतो.

"आक्का," ती म्हणाली, "मग तू सांगू नको. मी मेलेलीच बरी हाय."

आमच्या मागं कपाट ठेवल्यासारखा दत्ता उभा होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. तो त्या वाट्यांकडं बघत होता. लहानपणी त्याच पोत्याच्या कडेला झोपायचा तो, ते आठवलं असेल, की बाजारानं ढाळलेले आसू आठवले असतील, मी विचारलं नाही. निघताना मी आणि सलमा दारात चपला घालत होतो, सवयीनं गप्पच निघालो, तर गयाबाई ओरडली, "अगं, येते म्हणा की! जित्या माणसाच्या घरातनं निघालात!"

"येते!" आम्ही दोघी एकदम म्हणालो. त्या मजल्यावरची दोन दारं उघडली, कोण ओरडलं ते बघायला.

त्या पुढचा शनिवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. ऊन चढलेलं, सालपटं उडतायत, आणि समोरून दत्ताची मोटारसायकल. मागं गयाबाई, मांडीवर तराजू. मी आणि सलमानं तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळं बाजाराला ती मेलेलीच. बटाटेवाल्या सुमननं चक्क बटाट्याच्या ढिगावर बसकण मारली. कव्हरवाल्यानं चादर गोळा केली आणि जो गेला तो परत त्या बाजूला बसलाच नाही. बबन पळी हातात धरून उभा, चहा उतू जाऊन गॅस विझला. गयाबाई शांतपणे उतरली, आपल्या जागेवरचा नारळ उचलला, कानाशी हलवून पाहिला आणि दगडावर आपटला. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटले. बबनला म्हणाली, "घे रे, तुझ्याच पैशाचा हाय."

तेव्हापासून तिची हाळी बदलली. "घ्या कांदा, मेलेल्या बाईचा कांदा! वर जाऊन आलेला कांदा!" नवी माणसं दचकायची आणि जुनी हसायची. दत्ता दर शनिवारी सोडायचा, संध्याकाळी सून गाडी घेऊन न्यायला यायची आणि तीही पोत्यावर बसून बबनचा चहा प्यायची. कांद्याचे हंगाम आले आणि गेले. गयाबाईचा गुडघा, माझी साखर, सलमाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, सगळं शनिवारच्या शनिवारी बोलून झालं. माझी नात फोनवर दहा मिनिटांत कांदा मागवायला लागली, तर गयाबाई म्हणाली, "येऊ दे. पण त्या फोनला म्हणावं, 'आजी, गुडघा कसा हाय' असं इचारून दाखव."

एकदा मी तिला विचारलं होतं, "गये, त्या दिवशी स्वतःचा कडू घास खाताना भीती न्हाई वाटली?" ती कांदे चढवत म्हणाली, "कशाची? लोक मेल्यावर रडतात ते मेलेल्याला कुठं दिसतंय? मला बघाया मिळालं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पण पुढच्या बारीला मीठ नीट टाक."

मी लिहिता लिहिता थांबले होते. आता पुढचं लिहिते.

या वर्षीचा कांदा लवकर आला. परवाच्या आदल्या शनिवारी ती आली नाही. मी पोतं टाकलं. ऊन फार होतं, म्हटलं, बरं केलं नाही आली ते. फोन लावला नाही. शनिवारचं माणूस, शनिवारी भेटेल. परवाच्या शनिवारी दुपारी वारं सुटलं होतं, सालपटं चहात पडत होती, बबन त्याचा तो विनोद सांगत होता, आणि दत्ता आला, चालत, गुळगुळीत डोकं घेऊन.

बाजार हसला. अख्खा बाजार हसला हो! बबन टपरीतून ओरडला, "या, बालाजी महाराज! लाडू कुठंय?" सुमन म्हणाली, "गेल्या बारीला फसलो, आता न्हाई फसायचो." आणि मी, मीसुद्धा, मिरच्या निवडता निवडता म्हणाले, "काय रे दत्ता, आता कोणता फ्लॅट घेतलास?"

तो हसला नाही. माझ्यासमोर आला आणि आईच्या जागेवर, मी टाकलेल्या पोत्यावर, खाली बसला. लहानपणी बसायचा तसा, पाय पोटाशी घेऊन.

"मावशी," तो म्हणाला, "झोपेतच गेली. तुम्हाला फोन करायला चार वेळा घेतला. पण म्हटलं, फोनवर सांगितलं तर तुम्हाला खरंच वाटायचं न्हाई."

सलमानं हातातली बांगडी खाली ठेवली, एवढाच आवाज ऐकू आला. बबनच्या हातातला चमचा तसाच वर राहिला, त्यावर एक सालपट. कोणी मान खाली घातली नाही. सगळे त्याच्याकडं टक लावून बघत होते, की आता हा हसेल, आता म्हणेल, कसं फसवलं. वारं सुटलेलं होतं. एक सालपट येऊन त्याच्या डोक्यावर बसलं आणि त्यानं ते काढलं नाही, तेव्हा मला कळलं.

काल रविवारी मी पहाटे उठून पिठलं केलं. मीठ दोनदा चाखून घातलं. सलमानं केळी घेतली. बसमध्ये आम्ही एकमेकींना काही बजावलं नाही. तोच गेट, पण वॉचमन नवा होता. "क्या काम है?" म्हणाला, तर मला मयती हा शब्द उच्चारता येईना; वाटलं, मी म्हटलं तरच ते खरं होईल. सलमा म्हणाली, "मिलने आये हैं." लिफ्टमधल्या आरशात मी बघितलं नाही. नवव्या मजल्यावर बेल वाजवली. आतून चपलांचा आवाज आला, हळू, एक पाय ओढत चालल्यासारखा, आणि सलमानं माझा हात घट्ट धरला. मीही डबा छातीशी धरला आणि चापट मारायला उजवा हात मोकळा ठेवला.

दार सुनेनं उघडलं.